खेळाडूचा पेशा आणि त्याची मुदत

प्रो कबड्डी लीगचा लिलाव पार पडला की वृत्तपत्रांतून दरवर्षी एकाच धाटणीचा मजकूर छापून येतो : अमुक गावच्या, अमुक शेतकऱ्याच्या मुलाला इतक्या लाखांची वा कोटींची बोली लागली आणि मातीतल्या खेळाने त्याच्या घरचे दैन्य फिटले. मजकुरातील आकडे खोटे नसतात, आणि ज्या घरात ते पैसे येतात त्या घराचा आनंदही खोटा नसतो. परंतु या मजकुरातून जो सिद्धांत वाचकाच्या मनात नकळत रुजतो, की अंगी गुण असला म्हणजे बोली लागते आणि बोली लागली म्हणजे खेळाडूचे आयुष्य मार्गी लागते, तो सिद्धांत मला अत्यंत उथळ वाटतो. गोंदिया जिल्ह्यातील आमच्या अर्जुनी मोरगाव तहसिलीत धानाची मळणी आटोपली, मंडईचा हंगाम सुरू झाला, की गावोगाव कबड्डीचे सामने भरतात आणि त्या सामन्यांत चढाईला जाणारी मुले हाच सिद्धांत उराशी बाळगून मैदानात उतरतात. म्हणून त्याची परीक्षा करणे हे केवळ क्रीडासमीक्षकाचे काम राहत नाही.

प्रतिपाद्य

माझे म्हणणे असे आहे की, खेळाडूची कारकीर्द तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून मोजावी लागते. तो खेळापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला? खेळत असताना त्याचा दरमहाचा निर्वाह कशावर चालला? आणि खेळ सुटल्यावर समाजात त्याला कोणता हुद्दा उरला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकट्या खेळाडूच्या अंगच्या गुणांत सापडत नाहीत. ती संस्थांच्या रचनेत सापडतात. लीगने मराठी खेळाडूला मोबदला दिला, आणि तो भरघोस दिला. पेशा मात्र दिला नाही. जो पेशा आपल्याकडे अपुऱ्या व ओबडधोबड स्वरूपात का होईना पूर्वीपासून उभा होता, तो मात्र गेल्या चार दशकांत आपल्या डोळ्यांदेखत खचत गेला, आणि लिलावाच्या गजरात त्याची दखल घेण्याचे भान कोणाला राहिले नाही.

लीगने आमचा खेळ बाजारात मांडला, अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांच्या पंगतीत मी बसलेलो नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. खेळाडूने घाम गाळावा आणि त्याबद्दल ढाल, फेटा व श्रीफळ घेऊन घरी जावे, ही व्यवस्था ज्यांना पवित्र वाटते त्यांनी त्या खेळाडूच्या घरची चूल पाहिलेली नसते.

पहिली पायरी : अकरा कोटींचा दुसरा समाज

आपल्या प्रश्नाकडे नीट पाहावयाचे तर थोडे दूर जाऊन पाहणे उपयोगी पडते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. फिलिपाइन्स या द्वीपराष्ट्राची लोकसंख्या तेथील २०२० च्या गणनेत सुमारे १० कोटी ९० लाख भरली. आकाराने म्हणजे हे दोन समाज जवळजवळ बरोबरीचे आहेत. कबड्डी आपल्या मातीतली, तर बास्केटबॉल तेथे अमेरिकी अमलाबरोबर, विसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती युवक संघाच्या आणि शाळांच्या मार्गाने आलेला. शिवाय ज्या खेळात उंचीला एवढे महत्त्व, त्या खेळासाठी तेथील सामान्य माणसाची शरीरयष्टी मुळीच अनुकूल नाही. असे असूनही १९५४ साली रिओ दि जानेरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कार्लोस लोयझागा याच्या पराक्रमामुळे त्या देशाने तिसरे स्थान मिळविले, आणि त्या स्पर्धेत आशियातील कोणत्याही संघाला त्याहून वरचे स्थान अद्याप मिळालेले नाही.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पदकाच्या खेळांत प्रथम समावेश झाला व फिलिपाइन्सचा संघ पाचवा आला. त्याच वर्षी, त्याच नगरीत, आमच्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके करून दाखविली त्यांत कबड्डीही होती. दोन्ही समाज एका अर्थाने एकाच वेळी जगापुढे उभे राहिले होते. पुढे त्यांच्या वाटा भिन्न झाल्या त्या गुणवत्तेच्या फरकाने झाल्या, असे म्हणावयास मला तरी कोणताही आधार दिसत नाही.

फरक पडला तो पायऱ्यांच्या बांधणीत. तेथे महाविद्यालयांची एक स्पर्धा १९२४ पासून आणि विद्यापीठांची दुसरी १९३८ पासून चालू आहे; त्याच सुमारास उद्योगसंस्थांच्या संघांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली; आणि या उद्योगसंस्थांच्या संघांतूनच ९ एप्रिल १९७५ रोजी फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन या नावाची व्यावसायिक लीग खेळू लागली, जी आशियातील पहिली होय. आजही तिच्यातील संघ शहरांच्या नावाने ओळखले जात नाहीत. मद्यनिर्मिती करणारी सॅन मिगेल, वीजपुरवठा करणारी मेराल्को, दूरध्वनी चालविणारी, रंग बनविणारी, अशा कंपन्यांची नावे ते मिरवितात. खेळाडूशी करार होतो तो दरमहाच्या वेतनाचा, त्या वेतनाला कमाल मर्यादा आहे, आणि हंगाम दोन-तीन टप्प्यांत विभागून वर्षाचा मोठा भाग व्यापतो. या लीगमध्ये १२ संघ आहेत. आपल्या प्रो कबड्डीतही १२ च संघ आहेत; मात्र ते १२ संघ संपूर्ण भारतवर्षाचे, आणि त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबईचा व पुण्याचा असे दोन. मराठी तरुणाने कबड्डी हा पेशा म्हणून पत्करावा असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका आकड्यावर क्षणभर थांबावे.

एका कारकीर्दीचे उदाहरण

रॉबर्ट जावोर्स्की हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. फिलिपाइन्समध्ये ते ठाऊक नसलेला प्रौढ मनुष्य विरळा. १९४६ साली जन्मलेला हा खेळाडू विद्यापीठाच्या संघातून उद्योगसंस्थेच्या संघात आला, टोयोटाच्या संघातून व्यावसायिक लीगच्या पहिल्या हंगामात उतरला, आणि क्रिस्पा या कापडउद्योगाच्या संघाशी टोयोटाचे जे वैर त्या काळी देशभर गाजले त्याचा एक नायक ठरला. १९७८ साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग मात्र यशाचा नाही. १९८४ च्या सुमारास टोयोटाने आपला संघ बरखास्त केला. मालकच नाहीसा झाला, तेव्हा हा खेळाडू अडतिशीच्या घरात होता आणि कोणत्याही हिशेबाने त्याची कारकीर्द तेथेच संपावयास हवी होती. तसे घडले नाही. गिनेब्रा नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या संघात तो गेला, खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्याने तेथे वाहिली, वयाच्या पन्नाशीपर्यंत मैदानावर पाऊल ठेवले आणि १९९८ ते २००४ या काळात तो त्या देशाच्या सेनेटचा सभासद होता.

राजकारणात खेळाडूने जाणे इष्ट की अनिष्ट, हा स्वतंत्र वाद आहे. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, एक मालक निघून गेला तरी पेशा शिल्लक राहिला, कारण पेशाचे अधिष्ठान मालकात नसून लीग, विद्यापीठे, प्रशिक्षकांची परंपरा आणि गल्लोगल्लीच्या मैदानांवर वाढलेला प्रेक्षक यांत होते. तेथील प्रत्येक खेळाडू जावोर्स्की होतो असे मुळीच नाही. बहुतेकांची कारकीर्द दोन-चार हंगामांत संपते. परंतु ती संपली म्हणजे मनुष्य कोठे जातो, या प्रश्नाला तेथे निदान चार-दोन उत्तरे ठरलेली आहेत.

दुसरी पायरी : गिरणगावची व्यवस्था

आता आपल्याकडे वळू. लीग येण्यापूर्वी मराठी कबड्डीपटूला पेशाच नव्हता, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते सत्य मानण्याची वहिवाट पडली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मुंबईतील लालबाग, परळ, प्रभादेवी या गिरण्यांच्या मुलखात कबड्डीची मंडळे चाळीचाळींतून वाढली. आणि महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे, देना बँक अशा आस्थापनांनी आपापले संघ उभे करून चांगल्या खेळाडूंना नोकरीत घेतले. रचनेच्या दृष्टीने फिलिपाइन्सच्या उद्योगसंस्थांचे संघ आणि हे संघ यांत मूलतः भेद नव्हता. बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकाने ज्या खेळाला नियमांची शिस्त व राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या खेळाला या नोकऱ्यांनी पोट दिले. खेळाडू दहा-बारा वर्षे खेळे आणि पस्तीस वर्षे नोकरी करी. दुखापत झाली तरी दरमहाचा पगार थांबत नसे. निवृत्त झाल्यावर तोच मनुष्य संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर पुढच्या पिढीला चढाईचे व पकडीचे धडे देई, कारण त्याच्या घरी दुसऱ्या दिवसाची चिंता नसे.

ही व्यवस्था सर्वगुणसंपन्न नव्हती. तिच्यात वशिला होता, तिचा सारा ओघ मुंबईकडे व फार तर पुण्याकडे होता, आणि आमच्या झाडीपट्टीतील मुलगा तिच्या परिघात क्वचितच आला. तरीही ती एक व्यवस्था होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गिरण्यांबरोबर गिरणगावही विरत गेले. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खाजगी मालकीत गेली. या घटनांचा अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या परीने हिशेब मांडला. कबड्डीच्या दप्तरात त्यांची नोंद झाली नाही, वस्तुतः व्हावयास हवी होती.

तिसरी पायरी : बोलीचे स्वरूप

२०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेशकुमार याला लागली, ती १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनी, २०१८ साली, मुंबईकर रिशांक देवाडिगा याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत हैदराबाद येथे त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने दीर्घ खंडानंतर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाखांच्या घरात आणि २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांना गेला. ही वाढ विस्मयकारक आहे आणि तिचा अभिमान मलाही वाटतो.

परंतु बोलीचा कायदा पाहा. ती मुदतीची आहे, हंगाम दोन-तीन महिन्यांचा आहे, आणि जे शरीर ती मिळवून देते त्याच्या सांध्यांवर तिचे अस्तित्व टांगलेले आहे. देसाईला आठव्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने बाहेर बसावे लागले. पायाचा घोटा, गुडघ्याचा अस्थिबंध आणि खांदा या तीन ठिकाणी चढाईपटूची कारकीर्द कोणत्याही संध्याकाळी अडखळू शकते. संख्येचेही पाहा : १२ संघ, प्रत्येक संघात १८ ते २५ खेळाडू, म्हणजे संपूर्ण देशात तीनशेंहून अधिक जागा नाहीत, आणि त्यांतील काही परदेशी खेळाडूंना जातात. अलीकडच्या लिलावांत शेवटच्या गटाची मूळ किंमत ९ लाख आहे. विशीतल्या मुलाला ही रक्कम थोडी नव्हे, पण तिच्यावर चाळीस वर्षांचा संसार उभा राहत नाही.

या बोलीची खरी परीक्षा महामारीच्या काळात झाली. १९ ऑक्टोबर २०१९ रोजी सातव्या हंगामाचा अंतिम सामना झाला, आणि आठवा हंगाम सुरू होण्यास २२ डिसेंबर २०२१ उजाडला. या सव्वादोन वर्षांच्या अवधीत ज्याच्याजवळ रेल्वेची, पोलीस दलाची वा बँकेची नोकरी होती त्याच्या घरी दर महिन्याला पगार आला. ज्याच्याजवळ केवळ लीग होती तो शेतावर परतला. पेशा आणि कंत्राट यांतील भेद शब्दांनी समजावून सांगण्याची गरज त्या काळाने उरू दिली नाही.

आमच्या भागात हा भेद कळावयास अवघड नाही. पाऊस मनमुराद पडला तरी चार महिन्यांत ओसरतो. धान पिकते ते कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांमुळे आणि बोड्यांमुळे, ज्यांत तो पाऊस साठून राहतो. नवेगावबांधचा तलाव नसता तर त्याच पावसाने काय पिकविले असते? लीगचा पैसा हा पाऊस आहे. त्याला अडवून धरणारा बांध आपण अद्याप घातलेला नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, नोकरीच्या आश्रयाने खेळणारा मनुष्य अर्धवेळ खेळाडू असतो, त्यामुळे खेळाचा दर्जा खालावतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे दबदबा राहिला तो भारतीय रेल्वे आणि सेनादल यांच्या संघांचा, म्हणजे ज्यांनी खेळाडूला प्रथम नोकर म्हणून पत्करले त्यांचा. लीगचे जे मोठे तारे मानले जातात त्यांच्याकडेही पाहावे : मुंबईच्या संघाचा पहिला कर्णधार अनुपकुमार हरयाणाच्या पोलीस दलात अधिकारी होता, आणि २०१६ च्या विश्वचषकात सर्वाधिक गुण मिळविणारा अजय ठाकूर हिमाचल प्रदेशाच्या पोलीस दलात उपअधीक्षक झाला. हरयाणाने खेळाडूला हुद्दा दिला, म्हणून लीगमधील जोखीम पत्करणे त्याला परवडले. लीग तेथे नोकरीच्या पाठबळावर उभी आहे. आपण त्यातील फक्त वरचा मजला पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फिलिपाइन्समध्ये एका खेळाने इतर सर्व खेळांचा श्वास कोंडला, तसे व्हावे काय? नाही; ते अनुकरणीय नव्हे. त्या देशाला ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळावयास २०२० च्या, प्रत्यक्षात २०२१ मध्ये भरलेल्या, तोक्यो स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि ते भारोत्तोलनात मिळाले, ही गोष्ट त्या एकांगीपणाविषयी पुष्कळ सांगून जाते. मला तेथून घ्यावयाचे आहे ते दरमहाचे वेतन, शाळा-महाविद्यालयांपासूनची अखंड साखळी आणि वर्षभराचा हंगाम; खेळाची मक्तेदारी नव्हे.

तिसरा आक्षेप असा की, महाराष्ट्र शासनाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवलेले आहे, मग तक्रार कशाची? तरतूद स्तुत्य आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण ती पदकाच्या प्रमाणपत्रावर चालते, आणि जेथे प्रमाणपत्रालाच सर्वस्व येते तेथे बनावट प्रमाणपत्रांचा सुळसुळाट होतो, हे आपण पाहिले आहे. शिवाय आरक्षणाने खेळाडूला नोकरी मिळते, त्या नोकरीत खेळाची जागा राहतेच असे नाही. कार्यालयातील टेबलामागे बसविलेला राष्ट्रीय खेळाडू हा निर्वाहाचा प्रश्न सोडवितो. त्याच्या अंगातील विद्या मात्र त्या टेबलाखाली गाडली जाते.

अर्जुनी मोरगावच्या मुलापुढील वाट

राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत महाराष्ट्र आणि विदर्भ असे दोन स्वतंत्र संघ उतरतात. आमच्या तहसिलीतील मुलाला म्हणून मुंबई-कोल्हापूरच्या मुलांशी जागेसाठी झुंजावे लागत नाही, हा लाभ दिसतो. परंतु विदर्भाच्या संघामागे मुंबईसारखी आस्थापनांची फळी कधीच उभी नव्हती, त्यामुळे हा लाभ कागदावर राहतो. गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्गावरील या गावातून निघालेल्या मुलाने गावच्या सामन्यातून जिल्ह्याच्या संघात, तेथून विदर्भाच्या संघात आणि तेथून लीगच्या निवडकर्त्यांच्या नजरेत येईपर्यंत जी पाच-सात वर्षे जातात, त्या वर्षांत त्याचे पोट कोणी भरावयाचे? आज ते त्याचा बाप भरतो, दोन-चार एकर धानाच्या उत्पन्नातून. ज्याच्या बापाला हे जमत नाही तो मुलगा धानकापणीला किंवा परप्रांती मजुरीला जातो, आणि त्याच्याविषयी कोणत्याही वृत्तपत्रात मजकूर येत नाही.

हिवाळ्यातील आमच्या सामन्यांना प्रेक्षक कमी पडत नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत रात्रभर नाटके पाहणारा हा समाज तितक्याच निष्ठेने विजेच्या दिव्याखाली कबड्डी पाहतो, आणि बक्षिसांच्या रकमा वर्गणीतून गोळा करतो. हा पैसा, हा प्रेक्षक आणि हा चार महिन्यांचा निश्चित काळ एकत्र गुंफून गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या चार जिल्ह्यांची एक साखळी स्पर्धा बांधता येईल. तिच्यात गावाचे नाव घेतलेले संघ असावेत, खेळाडूशी हंगामाचा लेखी करारनामा असावा, मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे, आणि गोळा झालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा दुखापतीच्या विम्यासाठी बाजूला पडावा. झाडीपट्टीची रंगभूमी वडसा येथे केंद्र करून दरसाल आपला हंगाम स्वबळावर चालविते आणि शेकडो कलावंतांना त्यातून मिळकत देते. जे नाटकाला साधले ते कबड्डीला साधणार नाही असे मानावयास कारण नाही.

दुसरी गोष्ट शासनाच्या हाती आहे. खेळ सुटलेल्या खेळाडूला तालुका क्रीडा संकुलात आणि शाळांत वेतनश्रेणीसह प्रशिक्षकाची जागा मिळावी. त्याच्याजवळ पदवी नाही, ही अडचण सांगितली जाईल. अमरावतीला शारीरिक शिक्षणाची शतकभराची परंपरा आहे, पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, आणि खेळाडूला तेथे सवेतन धाडण्याचा खर्च लिलावातील एका मध्यम बोलीहून अधिक येणार नाही.

जिला लीग नाही तिची कारकीर्द

या साऱ्या विवेचनाची कसोटी पुरुष खेळाडूंवर लागत नाही, ती स्त्रियांवर लागते. २०१२ साली पाटण्याला झालेला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तीन मराठी खेळाडू होत्या. अभिलाषाला पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. पुरुषांच्या लीगच्या चालकांनी २०१६ मध्ये स्त्रियांसाठी तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरविली, आणि ती पुन्हा भरली नाही. म्हणजे ज्या कालखंडात पुरुषांच्या बोल्या लाखांतून कोटींत गेल्या, त्याच कालखंडात तितक्याच तोलाच्या स्त्री खेळाडूला नोकरी, तीही मिळाली तर, एवढाच आधार होता. लीग हाच पेशा मानला तर या स्त्रियांना कारकीर्दच नव्हती असे म्हणावे लागेल, आणि ते विधान करण्यास कोणीही धजणार नाही.

अर्जुनी मोरगावच्या शाळांतून आज कबड्डी खेळणाऱ्या मुली मुलांपेक्षा कमी जिद्दीच्या नाहीत. त्यांच्यासाठी चार जिल्ह्यांच्या साखळी स्पर्धेत पहिल्याच वर्षापासून मुलींचे संघ असावेत आणि त्यांचे मानधन मुलांइतकेच असावे. प्रशिक्षकांच्या ज्या जागा नव्याने निर्माण होतील त्यांतील निम्म्या स्त्रियांसाठी राखल्या जाव्यात, आणि ही मागणी घेऊन पहिला अर्ज आमच्याच तहसील कार्यालयात दाखल व्हावा, असे मला वाटते.